पाइप ओढ्यापर्यंत, पण ओढा कुठपर्यंत?

पोस्ट लांब आहे. निवांत असाल तेव्हाच वाचा.

मागच्या ग्रामसभेत आमच्या गावात बंदिस्त गटाराचा ठराव मंजूर झाला. पाइप टाकायचे, वरून सिमेंटचा रस्ता करायचा, वास गेला, डास गेले. टाळ्या पडल्या. मी धाराशिवहून मुद्दाम गेलो होतो, मागं पायरीवर बसलो होतो. उठून एकच विचारलं, "पाइप कुठपर्यंत जाणार?"

"वढ्यापर्यंत."

"आन् वढ्यातून पुढं?"

सगळे हसले. एक जण म्हणाले, "आप्पा, पुढचं पुढं बघू. तुमी तुमचं दुकान बघा की."

दुकान म्हणजे माझं खत-बियाण्याचं. पंचवीस वर्षं झाली. गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण गाव माझंच आहे आणि दिवाळीला घरी जायचं आहे. एवढंच सांगतो की गाव लोहारा तालुक्यातलं, माकणीच्या धरणाच्या वरच्या अंगाचं. म्हणजे "पुढचं" काय ते मला माहीत आहे. ओढा तेरणेला मिळतो. तेरणा माकणीच्या धरणात जाते, तेच आपलं निम्न तेरणा. त्या धरणातून किती गावं पाणी पितात हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. आमच्या पाहुण्यांच्या घरचा नळसुद्धा त्याच पाण्याचा. आपण पाइप टाकतो तो ओढ्यात नाही, मेहुण्याच्या माठात टाकतो. पण ग्रामसभेत हे बोलायला दोन मिनिटं मिळत नाहीत, म्हणून इथं लिहायला बसलो.

आधी जरा मागं जातो.

भूकंपाच्या आधीचं आमचं जुनं घर दगडमातीचं, माळवदाचं. न्हाणी मागच्या अंगाला. न्हाणीचं पाणी भिंतीच्या भोकातून परड्यात पडायचं. तिथं आज्जीनं चमकुरा लावलेला होता (पुण्याकडच्या मित्रांसाठी: अळू), त्याच्यापुढं कर्दळीची दाट रांग, आणि शेवटी दोन-तीन केळी. न्हाणीचं पाणी केळीच्या पुढं गेलेलं मी कधी पाहिलं नाही. तिथं वास नसायचा, चिखल नसायचा. आम्ही पोरं त्या केळीखाली गोट्या खेळायचो. कर्दळ डोक्याएवढी झाली की आज्जी विळा घेऊन बुडापासून कापायची आणि उकिरड्यावर टाकायची. मी एकदा विचारलं होतं, एवढी चांगली लाल फुलं आलेली कापतीस कशाला? म्हणाली, "कापल्याबिगर नवी फुटत न्हाई, आन् जुनी पानी पित न्हाई." मला वाटलं म्हातारी काहीतरी बोलायली. पुढं तीस वर्षांनी हेच वाक्य मी इंग्रजी कागदात वाचलं, फक्त तिथं त्याला लांबलचक नाव होतं.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे सगळं गेलं. त्याबद्दल मी लिहीत नाही, लिहवत नाही. दोन-तीन वर्षं पत्र्याच्या शेडात काढली आणि मग नव्या जागेवर गाव वसलं. त्या वेळी एकूण ५२ गावं पूर्णपणे उठवून नव्या जागी नेली. जमिनीच्या हिशोबानं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. आम्हाला ४०० ची. घर पक्कं मिळालं, रस्ते रुंद मिळाले, त्याबद्दल कुणाचेही उपकार नाकारत नाही. पण नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यात परडं नव्हतं. न्हाणी बांधली, मोरी काढली आणि पाणी कुठं जाणार हे ज्याचं त्यानं बघायचं असं ठरलं. ज्यानं त्यानं ते रस्त्यावर काढलं. मग उघडी गटारं आली. गटारं उताराला धावली. गावाच्या खालच्या टोकाला, आमच्या धाकट्या भावाच्या प्लॉटशेजारी, सगळं पाणी येऊन साचायला लागलं. बारा महिने काळं डबकं, कडेनं बेशरमाची झाडं, आत डुकरं. त्या डबक्यापासून वीस पावलांवर भावाचं बोअर.

२०२० च्या पावसाळ्यात भावाच्या धाकट्या पोरीला जुलाब लागले. बरे झाले, परत लागले. तिसऱ्यांदा सलाइन लावायला धाराशिवला आणलं, ती आमच्याच घरी राहिली. चार वर्षांचं पोरगं, हातापायाच्या काड्या झालेल्या. माझी बायको म्हणाली, "हितं आल्यावर आठ दिवसांत बरी हुतीय, गावाकडं गेली की परत. पाणी तपासा की एकदा." खत विकणाऱ्या माणसाला हे बायकोनं सांगावं लागलं, याची मला आजही लाज वाटते.

गावोगाव त्या छोट्या बाटल्या मिळतात, पाणी भरून ठेवायचं, दोन दिवसांत काळं झालं तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची शक्यता. भावाच्या बोअरचं पाणी मी माझ्या दुकानाच्या टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर बाटली शाईसारखी. पुढं प्रयोगशाळेतूनही तपासून घेतलं. नायट्रेटची पिण्यासाठीची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, भावाचं पाणी त्याच्या बरंच वर होतं. नायट्रेट म्हणजे नत्र. मी दुकानात गोण्या भरून नत्र विकतो आणि इकडं गटारातून ते फुकट जमिनीत उतरत होतं.

भावाला सांगितलं, हे पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकालाही नाही. त्यानं ऐकलं. पण डबकं तसंच होतं. ग्रामपंचायतीला अर्ज दिला, पोच घेतली. पोच अजून माझ्याकडं आहे.

त्याच हिवाळ्यात मी वाचायला लागलो. फायटोरेमेडिएशन, म्हणजे वनस्पतींकडून प्रदूषण साफ करून घेणं. वाचताना पहिल्यांदा हसूच आलं. हे तर आज्जीचं परडं.

झाड पाणी पिऊन पाणी साफ करतं असं आपल्याला वाटतं. ते थोडंच खरं आहे. मुख्य काम मुळांना आणि खडीला चिकटलेले जिवाणू करतात. खडीच्या प्रत्येक तुकड्यावर बुळबुळीत थर धरतो, तो थर म्हणजे आपले रोजंदार. उष्टं, साबण, तेल, घाम हे त्यांचं जेवण. पाणकणीस किंवा कर्दळीसारख्या पाणथळ झाडांची खोडं आणि मुळं आतून पोकळ, स्पंजासारखी असतात, त्यातून थोडी हवा खाली मुळांपर्यंत उतरते आणि हवेवर जगणारे जिवाणू तिथं टिकतात. मुळं खडीत वाटा पाडत राहतात. काही नत्र आणि स्फुरद झाड स्वतः उचलतं, आणि नत्राचा बराच भाग जिवाणूच वायू करून हवेत सोडून देतात. झाड कापून बाहेर नेलं तर त्यानं उचललेलं बाहेर जातं. नाही कापलं तर झाड तिथंच कुजतं आणि सगळं पाण्यात परत. आज्जीचा विळा हा त्या यंत्रणेचा भाग होता.

जर्मनीत केट झायडेल नावाच्या बाईंनी १९५० च्या दशकात पाणथळ गवतांवर हे प्रयोग सुरू केले, तेव्हा बऱ्याच तज्ज्ञांना ते पटलं नव्हतं. आपल्याकडं नागपूरच्या नीरीनं याच तत्त्वावर 'फायटोरिड' नावाची पद्धत बसवली, तिचं पेटंट आहे; मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयात ती वापरली गेली. पुण्याच्याच डॉ. संदीप जोशींच्या सृष्टी इको रिसर्च इन्स्टिट्यूटनं 'ग्रीन ब्रिज' काढला, म्हणजे नाल्याच्या पात्रातच दगड आणि तंतूंचे आडवे बांध आणि काठानं झाडं. तो उदयपूरच्या आहड नदीवर झाला. आणि मराठवाड्याचंच बोलायचं तर नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे शोषखड्डे 'नांदेड पॅटर्न' म्हणून राज्यभर गेले. म्हणजे हे काही परदेशी खूळ नाही, आणि माझ्या डोक्यातलं तर मुळीच नाही.

मग हिशोब केला. आमच्या खालच्या आळीत २५ घरं. माणसं सव्वाशे धरा. जलजीवनच्या हिशोबानं माणशी ५५ लिटर पाणी. त्यातलं ऐंशी टक्के गटारात येतं असं धरलं तर रोजचं साडेपाच हजार लिटर. हे पाणी खडीत दोन दिवस तरी थांबलं पाहिजे. खडीत पोकळ जागा साधारण चाळीस टक्के. म्हणजे खड्डा झाला ४० फूट लांब, १२ फूट रुंद, २ फूट खोल. खडी लागली दहा ब्रास. आमची काळी जमीन, उन्हाळ्यात भेगा पडतात त्यात हात जातो, म्हणून तळाला शेततळ्याचं प्लास्टिक टाकलं. एका शेतकऱ्याचं उरलेलं होतं, उधारीत वळतं करून घेतलं. आधी गाळ बसायला सिमेंटच्या कड्यांची टाकी. जेसीबी, खडी, कडी, मजुरी मिळून साठ हजारांच्या आत बसलं. निम्मे मी घातले, बाकीचे आळीनं. एक म्हातारी आजी दोनशे रुपये घेऊन आली आणि म्हणाली, "माझी न्हाणी बारकी हाय, दोनशे लई झाले." तिचे शंभर परत दिले.

२०२१ च्या डिसेंबरात कर्दळ, पाणकणीस आणि कडेनं वाळा लावला. कर्दळीचे गड्डे जुन्या गावठाणातून आणले. घरं गेली, माणसं गेली, पण पडक्या भिंतींमागं कर्दळ होती. आमच्या परड्याची जागा मला नीट सापडली नाही. जिथं वाटलं तिथून दोन गड्डे काढले.

आता इथपर्यंतची गोष्ट चांगली आहे आणि फेसबुकवर लोक इथंच थांबतात. फोटो टाकतात, 'गावाचा आदर्श उपक्रम', हजार लाइक. मी पुढचं सांगतो.

तीन महिन्यांत टाकी तुंबली. आमच्याकडं अजून कैक घरांत भांडी राखेनं घासतात. राख, वाळू, केस आणि गुटख्याच्या पुड्या. टाकी दर पंधरा दिवसांनी उपसायची असं ठरलं होतं. पहिल्या दोन खेपेला सगळे आले. तिसऱ्या खेपेला मी आणि भाऊ. चौथ्या खेपेला मी धाराशिवला होतो आणि भावाच्या रानात हरभऱ्याची काढणी. पाणी खडीच्या वरून वाहायला लागलं. आळीतले लोक म्हणाले, बघा, म्हटलं नव्हतं का.

मग उन्हाळा. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येऊ लागलं की गटारही आटतं, हे मी हिशोबात धरलंच नव्हतं. पुण्या-मुंबईच्या पुस्तकात गटार कधी आटत नाही. मे महिन्यात पाणकणीस वाळून काड्या झाल्या. कर्दळ मात्र टिकली, गड्ड्यात जीव धरून बसली. नंतर शेळ्या आल्या. नंतर जूनमध्ये एक वळवाचा पाऊस, तासाभरात सगळ्या गावाचं पाणी गटारातून आलं आणि खडीवर चार बोटं गाळ. पावसाचं पाणी बाजूनं काढायला पाट ठेवायला पाहिजे होता. इंजिनिअर नसलेल्या माणसानं इंजिनिअरिंग केलं की असं होतं. पावसाळ्यानंतर निम्मी खडी काढून धुतली. परत घातली. पाट काढला. टाकी उपसायचं काम रोजगार देऊन एकाला दिलं, महिन्याला घरटी वीस रुपये. हे वीस रुपये गोळा करणं हाच या सगळ्यातला सगळ्यात अवघड भाग आहे, झाडं लावणं नाही. ते काम माझी भावजय करते. तिला नाही म्हणायची कुणाची हिंमत नाही.

आज काय स्थिती आहे? डबकं गेलं. डुकरं दुसरीकडं गेली. बाहेर पडणारं पाणी काचेच्या ग्लासात धरलं तर तळ दिसतो, वास येत नाही. ते भावाच्या बांधावरच्या लिंबोणीला आणि नारळाला जातं. पण तेच पाणी त्या बाटलीत भरलं तर बाटली आजही काळी होते. म्हणजे पिण्याजोगं ते नाही, आणि होणारही नाही, कुणी तसं सांगत असेल तर खोटं सांगतोय. बोअरचं पाणी गेल्या दोन हिवाळ्यांत पुन्हा तपासलं. नायट्रेट कमी होतंय, पण अजून मर्यादेच्या खाली आलेलं नाही. जमिनीत तीस वर्षं मुरलेलं दोन वर्षांत निघत नाही. पोरगी आता नऊ वर्षांची आहे, धाराशिवच्या जत्रेत पाळण्यात बसून मला घाबरवते. ती झाडांमुळं बरी झाली असं मी म्हणणार नाही. ती बोअरचं पाणी बंद केल्यामुळं बरी झाली.

हे स्पष्ट सांगायचं कारण असं की हल्ली या विषयावर लई फेकाफेक चालते. माझ्याच व्हॉट्सॲपवर आठवड्याला एक मेसेज येतो. 'हे एक झाड घरात ठेवा, हवा शुद्ध.' त्या मेसेजचं मूळ म्हणजे १९८९ चा नासाचा अभ्यास. तो बंद पेटीत केलेला होता. नंतर २०१९ साली दोन संशोधकांनी सगळ्या अभ्यासांचा हिशोब मांडला, तेव्हा खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याची बरोबरी करायची तर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील असं निघालं. घरात माणसाला जागा राहणार नाही. खिडकी उघडा, फुकट आहे.

दुसरा मेसेज सूर्यफुलाचा. आमच्याकडं एकेकाळी सूर्यफूल भरपूर असायचं, आता पाखरं आणि भाव या दोघांनी मिळून संपवलं. चेर्नोबिलच्या अणुभट्टीजवळ १९९० च्या दशकात तळ्यावर तराफे सोडून त्यावर सूर्यफुलं वाढवली, मुळांनी पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम उचललं, हे खरं. पण तेच २०११ ला फुकुशिमात जमिनीवर करून बघितलं तर जपानच्या कृषी खात्याला दिसलं की मातीतल्या सीझियमचा अगदी नगण्य हिस्सा झाडात आला; सीझियम चिकणमातीला घट्ट धरून बसलं होतं. शेवटी त्यांनी वरची माती खरवडली. एकच झाड, एकच विष, पाण्यात चाललं आणि मातीत नाही चाललं. खत विकणाऱ्याला यात नवल वाटत नाही. काळ्या मातीत टाकलेलं झिंक झाडाला मिळत नाही म्हणून तर फवारायचं विकतो आम्ही.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. संजय गोविंदवार यांच्या गटानं कापडाच्या रंगाच्या पाण्यावर काम केलंय, आणि झाडं कुठली म्हणाल तर झेंडू, चिनी गुलाब, गॅलार्डिया. तुळजापूरच्या नवरात्रासाठी आपण ज्याची रोपं लावतो तो झेंडू. रंगाचे रेणू मुळांमधली विकरं तोडतात. यातली शहाणपणाची गोष्ट अशी की त्यांनी फुलझाडं निवडली, म्हणजे कुणी ती खाणार नाही, जनावर सहसा तोंड लावणार नाही. इथं मला माझ्या आज्जीची एक चूक सांगायची आहे. ती न्हाणीच्या पाण्यावरच्या चमकुऱ्याच्या वड्या करायची. तेव्हा न्हाणीत शिकेकाई, राख आणि हिंगणबेट जायचं, चाललं. आज गटारात काय काय जातं, कुठल्या गॅरेजचं ऑइल, कुठल्या फवारणी पंपाची धुवण, माहीत नाही. जड धातू असतील तर झाड ते उचलून पानात साठवतं. नष्ट करत नाही. धातू नष्ट होत नसतो, फक्त जागा बदलतो. तेव्हा गटारावर भाजी लावायची नाही. आणि धातू उचललेलं झाड कापलं की ते उकिरड्यावर टाकायचं नसतं, तो स्वतःच घातक कचरा.

जलपर्णीचंही तसंच. नासाच्याच वोल्व्हर्टन यांनी १९७० च्या दशकात मिसिसिपीत सांडपाण्याच्या तळ्यात जलपर्णी वाढवून पाणी चांगलं साफ करून दाखवलं. पण ते नियमानं काढत होते. उजनीच्या फुगवट्यावर किंवा पंचगंगेत ती कोण काढतं? वाढली, कुजली, पाण्यातली हवा संपली, मासे मेले.

आता सगळ्यात नाजूक विषय. मागच्या वर्षी एक ओळखीचे गृहस्थ दुकानात आले. त्यांच्या शिवारातल्या ओढ्याला कुठूनतरी मळीचं पाणी येतं, विहिरीचं पाणी चहासारखं झालंय. कोण सोडतं ते मी इथं लिहीत नाही, सिद्ध करायला माझ्याकडं काही नाही. ते म्हणाले, "आप्पा, तुमची कर्दळ द्या, वढ्याला लावतो." मी हात जोडले. घरच्या सांडपाण्याची जैविक घाण मोजली तर ती लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम असते. डिस्टिलरीच्या कच्च्या स्पेंटवॉशची रासायनिक प्राणवायूची मागणी लाखाच्या घरात जाते. मोजमापं दोन वेगळी आहेत, पण अंतर कळावं म्हणून सांगतो. तिथं कर्दळ लावणं म्हणजे वणव्यावर तांब्याभर पाणी. कर्दळ मरेल आणि सोडणाऱ्याला मात्र सांगायला होईल की आम्ही हरित पट्टा केलाय. तिथं उपाय एकच, सोडणं बंद. थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही असा नियम डिस्टिलऱ्यांना आहेच. मी त्यांना तक्रारीचा अर्ज लिहून दिला, पाण्याचा नमुना कसा घ्यायचा ते सांगितलं. ते नाराज होऊन गेले. झाड मागायला आले आणि कागद घेऊन गेले.

तर परत गटाराकडं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या यादीत देशात ३११ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५५ महाराष्ट्रात, देशात सगळ्यात जास्त. कारखान्यांना आपण शिव्या देतो, दिल्याच पाहिजेत. पण नदीत जाणारं बरंचसं काळं पाणी घरांचं असतं. शहरांचं तर आहेच, आणि आता गावांचंही, कारण गावोगाव आपण तेच करतोय: बंदिस्त गटार. उघड्या गटारात निम्मं पाणी वाटेत मुरायचं, उन्हात उडायचं, कडेच्या गवतानं ओढायचं. वाईट होतं, पण वाटेत थोडं काम व्हायचं. पाइपात काहीच होत नाही. सगळ्या गावाची घाण जशीच्या तशी, जास्त वेगानं, एका जागी. शिवाय एकदा पाइप झाला की लोक संडासाच्या टाकीचं सांडही त्यालाच जोडतात. आमच्या आळीत आत्ताच चार जणांनी जोडलेलं आहे, मी नावं घेत नाही, त्यातलं एक माझ्याच चुलत्याचं. तसं झालं की माझा साठ हजारांचा खड्डाही पुरत नाही.

बंदिस्त गटाराला माझा विरोध नाही. वरच्या आळीतल्या बायका रोज घाणीवरून उडी मारून पाणी आणतात, त्यांना मी परड्याच्या गोष्टी सांगून काय उपयोग. माझं म्हणणं एवढंच की अंदाजपत्रकात पाइपाच्या शेवटी एक ओळ पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित निधी होता तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच होता. शोषखड्डे रोजगार हमीतून होतात. गावठाणाच्या खालच्या अंगाला दोन-चार गुंठे जागा बहुतेक गावांत असते, आमच्या पुनर्वसित गावात तर जरा जास्तच आहे. ज्या घराला मागं जागा आहे त्यानं मोरीचं पाणी घरीच जिरवायचं. ज्याला नाही त्याचं पाइपात. संडासाचं सांड वेगळं, शोषखड्ड्यात. पाइपाच्या शेवटी गाळाची टाकी, खडी, कर्दळ, पावसाला वेगळा पाट, आणि टाकी उपसणाऱ्या माणसाचा पगार. तो पगार अंदाजपत्रकात नसेल तर बाकीचं करू नका, पैसे वाया जातील. मी घालवलेत, अनुभवानं सांगतो.

१५ ऑगस्टला परत ग्रामसभा आहे. ठरावात दुरुस्तीचा अर्ज मी लिहिलाय, खालच्या आळीतल्या २५ पैकी १९ घरांच्या सह्या झाल्यात. चुलत्याची सही अजून व्हायची आहे. त्या दिवशी दुकान बंद ठेवून जाणार आहे, यावेळी पायरीवर नाही, पुढं बसणार आहे. गावाकडचे कुणी वाचत असतील तर या.

आणि कर्दळीचे गड्डे कुणाला पाहिजे असतील तर पोतं घेऊन या. सध्या कापणीला आलीय. भाऊ रानात असला तर वहिनी काढून देतील, पण वीस रुपये तयार ठेवा.